खुराड्यापाशी लागलेले पान

संपादकांचा दूरध्वनी आला तेव्हा मी अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालत होते. "बाई, यंदाच्या स्मरणिकेसाठी तुमच्या जोयड्याच्या दिवसांवर काही लिहून द्या. जंगल, धरण, पाऊस, असे काहीतरी," ते म्हणाले. मी हो म्हटले खरे, पण लिहायला बसले तेव्हा जंगल आठवेना आणि धरणही आठवेना. आठवत राहिले ते कोंबड्यांचे खुराडे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यंदाही हृदयरोग, मधुमेह, नव्या शस्त्रक्रिया यांवर अधिकारी मंडळींचे लेख असतील. त्यांच्या पंक्तीला खुराड्याने बसावे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

१९८९ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सुपा धरणाच्या परिसरात राहायला गेलो आणि २०१३ साली बेळगावला येऊन स्थायिक झालो. मधली चोवीस वर्षे मी त्या भागात एक लहानसा दवाखाना चालवला. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातला, गोव्याच्या सीमेला लागून असलेला तालुका. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि विस्थापितांची मोठी वस्ती रामनगरला झाली. तरीही म्हातारी माणसे 'आमचा सुपा तालुका' असेच म्हणतात. तालुक्याचा बहुतेक भाग अरण्य आहे. दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. या अरण्याच्या पोटात चार-चार, सहा-सहा घरांच्या वाड्या आहेत. कुणबी, गवळी, सिद्दी, मराठे, हव्यक अशी माणसे. घरात कोंकणी किंवा मराठी, बाजारात कानडी.

अशा वाडीतल्या घरामागे तीन गोष्टी हमखास दिसायच्या. लाकडांची रास, गवताची गंजी आणि कोंबड्यांचे खुराडे. या तिन्हींचे एकमेकांशी काय नाते आहे ते कळायला मला एक मृत्यू पाहावा लागला.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. एक तरुण धापा टाकत दवाखान्यात आला आणि म्हणाला, "बाई, आईला पान लागलंय." मी पुण्यात वाढलेली आणि पुण्यात शिकलेली. मला वाटले, पानातल्या तंबाखूने चक्कर आली असेल. "लिंबू-पाणी द्या, झोपवून ठेवा," असे मी सांगणार, तोच आमच्या कंपाउंडरने माझ्या कानाशी येऊन सांगितले, की पान लागणे म्हणजे साप चावणे. सापाचे नाव घ्यायचे नाही. तिन्हीसांजेनंतर तर मुळीच नाही. 'लांबडे' म्हणायचे, 'जनावर' म्हणायचे, आणि चावला तर 'पान लागले' म्हणायचे. त्या आईचा दंश सुदैवाने कोरडा निघाला, विष अंगात गेलेच नव्हते. मराठीतला एक वाक्प्रचार मात्र मी त्या दिवशी शिकले. पदव्युत्तर शिक्षणात तो कुणी शिकवला नव्हता.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९९१ च्या जुलैमध्ये, मध्यरात्रीच्या सुमारास चार माणसे एका स्त्रीला घोंगडीच्या झोळीतून घेऊन आली. वय तिशीच्या आतबाहेर. तिन्हीसांजेला ती खुराड्यातली अंडी काढायला गेली होती. आत एक खुडूक कोंबडी बसलेली होती. खुडूक कोंबडीखाली हात घातला की ती टोचते, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. बोटाला टोचल्यासारखे झाले, तेव्हा तिने कोंबडीलाच चार शिव्या हासडल्या, बोट पदराला पुसले आणि चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापायला बसली. तासाभराने हात सुजला. मग डोळ्यांच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. तेव्हा कुठे सासूने बॅटरी घेऊन खुराड्यात पाहिले. कोंबडी मरून पडली होती आणि कोपऱ्यात नाग होता.

मग जे होते ते झाले. दंडाला सुंभ आवळून बांधला गेला. उतारा टाकणाऱ्याला बोलावणे गेले. तो आल्यावर कोंबडीची पिल्ले आणवली गेली. हा प्रकार आपल्यापैकी खेड्यांत काम केलेल्या अनेकांनी पाहिला असेल. दंशाच्या जागी चीर देऊन त्यावर पिलाचे गुदद्वार दाबून धरायचे. पिलू मेले की विष ओढले गेले असे समजायचे आणि दुसरे पिलू लावायचे. ज्या पिलाला काही होत नाही तिथे विष संपले. पिलू मरते ते बहुधा घट्ट आवळून धरल्याने गुदमरून, विष ओढल्याने नव्हे. आणि अखेरचे पिलू जगते ते तोवर धरणाऱ्याचे हात थकलेले असतात म्हणून, असे माझे आपले मत आहे. त्या रात्री सहा पिल्ले गेली आणि त्यांच्याबरोबर तीन तास गेले.

ती माझ्यापुढे आली तेव्हा श्वास उथळ होता, पण चालू होता. हाताला बोलावले तर बोटे हलत होती. दंडावरचा सुंभ मांसात रुतलेला पाहून मला राग आला. माझ्याकडे प्रतिविषाच्या चार कुप्या होत्या. त्या काढायला कंपाउंडरला सांगितले आणि तोवर मी कात्रीने तो सुंभ कापून टाकला.

पाच-सात मिनिटांत तिचा श्वास थांबला.

आज आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही विचारले तर तो सांगेल, की घट्ट बांधलेली आवळपट्टी एकदम सोडायची नसते. आधी शिरेत सुई, प्रतिविष सुरू, श्वासाची साधने हाताशी, शक्य तर वर रक्तदाबाची पट्टी फुगवून ती हळूहळू उतरवायची, मग खालची गाठ सोडायची. नाहीतर अडलेले विष एका लोंढ्याने शरीरात पसरते. मला ते ठाऊक नव्हते, असे म्हणून मी सुटू शकत नाही. पुस्तकात असेल, मी वाचले नव्हते. चार कुप्या दिल्या, श्वासाची पिशवी दाबत जीपमधून बेळगावच्या वाटेला लागलो. लोंढ्याच्या अलीकडे रस्त्यावर झाड पडलेले होते. माणसे ते कुऱ्हाडीने तोडत होती आणि मी मागे बसून पिशवी दाबत होते. झाड हटायच्या आधी नाडी गेली.

तिला नऊ वर्षांची एक मुलगी होती.

पुढे पंधरा दिवसांनी मी त्या वाडीवर गेले. कशासाठी गेले ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते. सासूबाईंना भेटले, आणि डॉक्टरकीच्या अधिकारवाणीने सल्ला दिला. "आजी, हे खुराडे घराला लागून ठेवू नका. तिकडे लांब, काजूच्या झाडाखाली हलवा. आजूबाजूला फिनेल शिंपडा." आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "बाय, लांब ठेवलं तर रानमांजर खाईल, नाहीतर बिबट्या नेईल. घराला लागून आहे म्हणून कोंबडी आहे." मी गप्प बसले. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. अरण्यातल्या घरात कोंबडी राखायची तर ती भिंतीला टेकूनच राखावी लागते. उदमांजर, मुंगूस, कोल्हा, वाघाटी ही मंडळी अंगणाच्या कडेपर्यंत येतात. शिवाय कोंबडी हे तिथल्या बाईचे स्वतःचे असे एकच धन. भात नवऱ्याचा, गुरे घराची, पण अंड्यांचे पैसे तिचे. पोराची वही, स्वतःची चोळी, आणि खरे सांगायचे तर माझी फी सुद्धा त्यातूनच येत असे. 'कोंबड्या पाळू नका' हा सल्ला देणे सोपे होते, पण तो त्या बाईच्या कमरेचा बटवा काढून घेण्यासारखा होता.

फिनेलबद्दलही आजींचेच बरोबर ठरले. "फिनेलवरनं लांबडं जाताना मी पाहिलंय," एवढेच त्या म्हणाल्या. फिनेल, डांबरगोळ्या, गंधक, कार्बोलिक आम्ल यांनी साप दूर राहतो असा समज शहरातल्या सुशिक्षित घरांतही घट्ट आहे. त्याला आधार नाही. कार्बोलिक आम्लाने भाजलेली दोन मुले मात्र मी पुढच्या काळात पाहिली. त्यांच्या घरी साप एकदाही आला नव्हता.

तेव्हापासून मी रुग्णाला प्रश्न विचारायची पद्धत बदलली. 'कोणता साप होता' हा प्रश्न आपण सगळेच विचारतो आणि त्याचे उत्तर बहुधा चुकीचे मिळते. त्याआधी मी विचारू लागले, 'हात कुठे घातला होता? पाय कुठे पडला होता?' उत्तरे एका वहीत लिहीत गेले. बांधावरचे गवत कापताना, पायवाटेने अंधारात चालताना, ही उत्तरे अपेक्षित होती. पण खुराड्यात, डालग्याखाली, खुराड्याशेजारच्या लाकडांत, ही उत्तरे इतक्या वेळा आली की मला त्या विषयाचा अभ्यासच करावा लागला. आणि ती उत्तरे देणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या.

साप खुराड्यापाशी का येतो? कोंबडी खायला, असे लोक समजतात. मोठी कोंबडी गिळणे अजगराखेरीज तिथल्या कुठल्याही सापाला सहसा झेपत नाही. नाग आणि धामण अंडी गिळतात, पिल्ले खातात. पण बहुतेक वेळा ते येतात उंदरामागे. कोंबड्यांना टाकलेले भाताचे कोंडे आणि कण्या रात्री तिथेच पडून राहतात. त्या खायला उंदीर येतात. उंदरांना राहायला गंजी आणि लाकडांची रास शेजारीच असते. म्हणजे सापाच्या दृष्टीने शिधा, घर आणि पाणी एकाच जागी. घरामागच्या त्या तीन गोष्टींचे नाते हे असे आहे. कोंबडी त्यात निमित्तमात्र.

आणि या साखळीला जोयड्यात आणखी एक कडी आहे. उंदरामागे धामण येते. आणि धामणीमागे काळिंग. कानडीत 'काळिंग सर्प', आपण नागराज म्हणतो तो. त्याचे मुख्य अन्न इतर साप. २०२४ साली शास्त्रज्ञांनी नागराजाच्या चार वेगवेगळ्या जाती ठरवल्या आणि आपल्या पश्चिम घाटातल्या जातीला कन्नड माणसाच्या तोंडचेच नाव दिले, 'ओफिओफॅगस कालिंगा'. मी तो चोवीस वर्षांत तीनदा पाहिला, त्यात एकदा एका खुराड्याच्या छपरावर. दहा-बारा फूट लांबी असेल. घरातली सगळी माणसे अंगणात हात जोडून उभी होती. तो धामणीचा माग काढत आला होता, धामण भिंतीच्या भेगेत शिरली, आणि तो तासाभराने जसा आला तसा निघून गेला. त्याच्या विषावर आपल्याकडे प्रतिविष तयार होत नाही. पण त्याच्या दंशाचा एकही रुग्ण माझ्या दवाखान्यात आला नाही. ज्याची सर्वांत जास्त भीती तो सर्वांत कमी चावतो. मण्यारीला मात्र कुणी भीत नव्हते. 'बारीक आहे, काय करील' म्हणत.

मण्यारीचे थोडे सविस्तर सांगायला हवे. पावसाळ्यात पिल्लांची कोंबडी रात्री बाहेर ठेवत नाहीत. तिला पिल्लांसकट पडवीत आणून डालग्याखाली झाकतात. त्याच पडवीत घरातली निम्मी माणसे चटईवर झोपतात. डालग्याभोवती कण्या, कण्यांना उंदीर, आणि उंदरांना शोधत भिंतीच्या कडेने मण्यार. झोपलेल्या माणसाचा हात तिच्यावर पडतो आणि ती चावते. वेदना नाही, सूज नाही, दाताची खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या उघडत नाहीत. 'रात्री काही बाधले' म्हणून ओव्याचे पाणी दिले जाते. असे पोटदुखीचे रुग्ण पहाटे आले की मी आधी त्यांना वर छताकडे बघायला सांगायची. पापणी वर जात नसेल तर पोट तपासण्यात वेळ घालवायचा नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. खाट, आणि खाट परवडत नसेल तर मच्छरदाणी, कडा चटईखाली नीट खोचलेली. नेपाळच्या तराईतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून मोठे संरक्षण मिळते असे त्यात दिसून आले. मी तो वाचायच्या कितीतरी आधीपासून आमच्या आशा आणि अंगणवाडीच्या बायका मच्छरदाणी वाटत होत्या, पण हिवतापासाठी. एका जाळीत दोन कामे होतात हे त्यांना सांगायला मला फार आनंद झाला.

आता खुराड्याकडे वळते. आजींनी हलवायचे नाकारले, तेव्हा प्रश्न उरला की आहे त्या जागी ते सुरक्षित कसे करायचे. यात माझा गुरू रामनगरचा एक सुतार. प्रथम आम्ही बाजारातली षट्कोनी छिद्रांची कोंबडीजाळी लावली. ती कोंबडी आत ठेवते, साप बाहेर ठेवत नाही. उलट एक गंमत झाली. एका घरी नाग त्या छिद्रातून आत गेला, चार अंडी गिळली आणि पोट फुगल्यामुळे बाहेर पडता येईना. सकाळी बाई दार उघडते तो समोर अडकलेला नाग! म्हणजे जाळी नसती तर तो रात्रीच निघून गेला असता. मग आम्ही पाव इंच चौकोनी छिद्रांची जाड तारेची जाळी आणली. अर्ध्या इंचाची चालेल असे सुतार म्हणत होता, पण मण्यारीचे पिलू पेन्सिलीएवढे बारीक असते. डोके गेले की अंग जाते. ही जाळी चारी बाजूंनी आणि तळालाही लावायची. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, चार खांबांवर. खाली मोकळे, म्हणजे झाडू फिरतो आणि बॅटरीचा झोत आरपार जातो. दाराला फट ठेवायची नाही. नायलॉनची मासेमारीची जाळी लावू नये. साप तिच्यात गुंतून कापला जातो, आणि गुंतलेला जिवंत साप सोडवायला जाण्यासारखे वाईट काम दुसरे नाही.

सुताराने एक कल्पना स्वतःची लढवली. अंडी घालायची पेटी त्याने खुराड्याच्या बाहेरच्या अंगाला काढली आणि तिला वरून झाकण केले. आता अंडी काढायला अंधारात आडवा हात घालायचा नाही; झाकण वर करायचे, उजेडात पाहायचे, मग हात घालायचा. मी जेवढे प्रतिविष आयुष्यात टोचले, त्यापेक्षा त्या झाकणाने जास्त काम केले असावे असा मला दाट संशय आहे. पण न झालेल्या दंशाची नोंद कुठल्याच वहीत होत नसते.

बाकीच्या गोष्टी सवयींच्या. अंडी दिवसाउजेडी काढावी. कण्या मोजून टाकाव्या, उरलेल्या झाडून घ्याव्या, पोते पत्र्याच्या डब्यात ठेवावे. लाकडांची रास खुराड्यापासून दूर न्यावी. रात्री कोंबड्या ओरडल्या तर अनवाणी धावत जाऊ नये. हे शेवटचे सांगायला सोपे, पण करायला सर्वांत कठीण. कोंबडी ओरडली की बाईचे पाय आधी उठतात, डोळे मागून. म्हणून आम्ही मागच्या दाराशी एका खिळ्याला बॅटरी आणि खाली गमबूट ठेवायचा नेम घालून दिला. आणि साप दिसला तर? वाट मोकळी ठेवून लांब उभे राहावे, तो आपणहून जातो. मारू नये. कायदा आहे म्हणून तर नाहीच, पण सर्पदंशाचे बरेच रुग्ण साप मारायला गेलेले असतात म्हणूनही.

पिल्लांच्या त्या उपचाराबद्दल एक उलटी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपले प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते; मुंबईच्या हाफकिन संस्थेचे घोडे आपल्या पिढीने सहलीत पाहिलेले आहेत. पण गेल्या काही दशकांत कोंबडीला अल्प मात्रेत विष टोचून तिच्या अंड्याच्या बलकातून प्रतिपिंडे मिळवण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले, भारतातही झाले. प्रत्यक्ष वापरात ते औषध आलेले नाही. तरी उद्या आलेच, तर कोंबडीने विष उतरते म्हणणारे आमचे उतारेवाले 'आम्ही काय सांगत होतो?' असे विचारतील, आणि मला उत्तर देणे अवघड जाईल.

तरुण सहकाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. खुराड्यापाशी 'कोंबडी टोचली' असा इतिहास आला तर तो दंश समजून चोवीस तास रुग्ण नजरेखाली ठेवावा. आवळपट्टीबद्दल वर लिहिलेच आहे. नागाच्या दंशात पापण्या पडत असतील तर प्रतिविषाबरोबर अॅट्रोपिन देऊन निओस्टिग्मिन द्यावे, गुण येतो. मण्यारीत तो सहसा येत नाही, तिथे कृत्रिम श्वास हाच आधार. घोणस आणि फुरसे यांच्या संशयात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवण्याची चाचणी आजही सर्वांत भरवशाची आणि फुकटची आहे. एक सावधगिरी घाटातल्या डॉक्टरांसाठी. रक्त गोठत नाही, प्रतिविष देऊनही गोठत नाही, आणि साप लहान, उंचावल्या नाकाचा, पाचोळ्यातला होता असे रुग्ण सांगतो, तर तो नाकाड्या चापडा असू शकतो. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांविरुद्ध आहे. या चापड्यावर ते चालत नाही. तिथे कुप्यांवर कुप्या ओतण्यापेक्षा मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवावे.

या क्षेत्रात मराठी डॉक्टरांनी लहान गावांत बसून केवढे काम केले, हे आपण आपल्याच मेळाव्यांत कमी बोलतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशासाठी जगाला ठाऊक झाले, सर्पदंशावरही त्यांनी लिहिले. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत, मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी तालुक्याच्या ठिकाणी राहून हजारोंना वाचवले. मी त्यांच्या पंक्तीतली नव्हे. त्यांचे लेख वाचून माझी चूक मला नीट समजली, एवढेच.

सरकारी पातळीवरही उशिरा का होईना, हालचाल झाली. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. २०२४ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राची राष्ट्रीय कृतियोजना आली. आता खासगी दवाखान्यालाही दंश कळवावा लागतो. आपल्यापैकी काहींना हा कागदी व्याप वाटतो. मला मात्र वाटते की माझी ती वही सरकारने आता सगळ्यांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली आहे; फक्त त्या नमुन्यात 'हात कुठे घातला होता' हा रकाना असावा.

रस्त्यावर पडलेल्या त्या झाडाचाही विचार मी पुष्कळ केला. नेपाळमधल्या दमक या गावाभोवती स्वयंसेवकांनी रुग्णाला मोटारसायकलवर, चालक आणि मागे बसलेल्या माणसाच्या मध्ये धरून, तडक उपचार केंद्रात आणायची व्यवस्था केली. दंशाच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण शंभरात दहावरून एकाच्याही खाली आले. जीपला झाड आडवे येते, मोटारसायकल बाजूने निघते. आमच्या वाड्यांवरच्या तरुणांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. "बाई, बाळंतिणीलाही आम्ही तसंच आणतो," ते म्हणाले.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी बऱ्याच वर्षांनी त्या वाडीवर गेले. आजी आता नाहीत. १९९१ ची ती नऊ वर्षांची मुलगी लग्नानंतर शेजारच्याच वाडीत असते. तिची मुलगी धारवाडला परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. मला पाहून ती घाईघाईने मागच्या अंगणात घेऊन गेली. चहाचे आधण चुलीवर तसेच राहिले. खुराडे त्याच सुताराच्या मुलाने नव्याने बांधलेले होते, झाकणाच्या पेटीसकट. मागच्या दाराशी खिळ्याला बॅटरी होती. तिने बोटाने खालच्या जाळीकडे दाखवले. तारेला हातभर लांबीची कात अडकली होती, वाऱ्याने हलत होती.

"परवाच्या रातीची आहे," ती म्हणाली. "मुद्दाम काढली नाही. तुम्ही येणार म्हणून कळलं होतं."

मी वाकून पाहिले. कात पूर्ण जाळीच्या बाहेरच्या बाजूला होती. आत सात कोंबड्या होत्या, आणि एक खुडूक बसलेली होती.